अंगणात भरलेली शाळा : ताराबाई मोडक

गावात नवा माणूस आला आणि त्याने अंगणवाडी कुठे म्हणून विचारले, तर लहान पोरगंसुद्धा हात धरून नेऊन पोचवील. सोसायटी, तलाठी, रेशन दुकान यांच्याइतकाच हा शब्द आता गावचा झाला आहे. वजनकाटा, खिचडीचे पातेले, भिंतीवर रंगवलेला ससा आणि दारात इवल्या चपलांचा ढीग. पण या शब्दातले अंगण नेमके कुणाचे, आणि त्यात ही वाडी लावली कोणी, असे विचारले तर सरपंचापासून सेविकेपर्यंत बहुतेक जण गप्प होतात.

मीही गप्पच होतो. शेती पदविका करून खात्यात लागलो आणि भातपिकाच्या एका प्रशिक्षणाला डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलो. कृषी विज्ञान केंद्राची रोपवाटिका बघायची होती. दुपारच्या सुट्टीत सहज पलीकडे गेलो आणि बालवाडी बघून आलो. तिथे पहिल्यांदा ताराबाई मोडक हे नाव नीट कानावर पडले. नंतर जे वाचले, जाणत्या माणसांकडून ऐकले, ते शेतकरी बंधूंना आणि गावच्या कारभारी मंडळींना सांगावे म्हणून हा लेख. माझे खाते वेगळे, हे मान्य. पण बाईंनी जे केले ते आमच्या विस्तार कामाच्या इतके जवळचे आहे की राहवत नाही.

ताराबाईंचा जन्म मुंबईचा, 19 एप्रिल 1892 चा. माहेरचे नाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजातले. आई उमाबाई बालविधवा, आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी लग्न केलेले. त्या काळात विधवेशी लग्न म्हणजे काय दिव्य होते ते सांगायला नको. नातेवाईक तुटत, पंगतीतले पान उठत असे. अशा घरात वाढलेल्या मुलीला लोक काय म्हणतील याची भीती लहानपणीच निम्मी गेलेली असते. पुढच्या आयुष्यात ही शिदोरी त्यांना फार उपयोगी पडली.

1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या सालात किती मुली पदवीधर असतील याचा विचार करा. पुढच्याच वर्षी लग्न झाले. नवरा वकील, वऱ्हाडात अमरावतीला वकिली. घर, मान, शिक्षण, सगळे होते, पण संसार टिकला नाही. 1921 च्या सुमारास त्या पदरात लहान मुलगी घेऊन वेगळ्या झाल्या. यात कोणाचे किती चुकले हे आपण बसून ठरवण्यात अर्थ नाही. (त्यांच्या आयुष्यावरून रत्नाकर मतकरींनी पुढे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिले, ते पुष्कळांनी पाहिले असेल.) एवढे मात्र खरे की एकटी बाई, कडेला पोर, आणि पोटासाठी नोकरी, अशी त्यांची सुरुवात झाली. आज ज्या अनेक बाया अंगणवाडीत काम करतात त्यांची सुरुवात याहून फार वेगळी नसते.

नोकरी मिळाली काठेवाडात. राजकोटला स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या विद्यालयाच्या त्या प्रमुख झाल्या. पद मोठे होते, पगार बरा होता. पण तिथे त्यांचे मन रमले नाही. भावनगरला दक्षिणामूर्ती नावाच्या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर काढले होते. तिकडचा बोलबाला कानावर आला आणि 1923 साली बाई चांगली नोकरी सोडून भावनगरला गेल्या.

गिजुभाई हे पण मूळचे वकील. वकिली सोडून लहान मुलांत बसले. इतके रमले की गुजरातेत त्यांना लोक मिशीवाली आई म्हणत. इटलीच्या मॉंटेसरीबाईंची पद्धत त्यांनी वाचली होती. त्या पद्धतीचे मर्म साधे होते. लहान मुलाला कोंबून शिकवायचे नाही, छडी मारायची नाही, बक्षिसाचे आमिष दाखवायचे नाही. त्याच्या हाताला काम द्यायचे, इंद्रिये जागी करायची, आणि आपण बाजूला बसून बघायचे. अडीच-तीन वर्षांचे मूलही आपल्या गतीने शिकते. आता हे ऐकायला सोपे वाटते. पण त्या काळी छडी लागे छम छम हीच शिक्षणाची रीत मानली जात होती, आणि सहा वर्षांच्या आतल्या पोराला शिकवायचे असते हेच लोकांना पटत नव्हते. पटत नव्हते म्हणजे काय, आपल्याकडे कायद्यालाही पुष्कळ काळ पटले नाही. 2009 चा शिक्षण हक्काचा कायदा आला तोसुद्धा 6 ते 14 या वयाचा. तीन वर्षांपासूनच्या मुलाला शिक्षणाच्या रचनेत नीट जागा मिळाली ती 2020 च्या राष्ट्रीय धोरणात. ताराबाईंनी भावनगरला पाय ठेवला त्याला तेव्हा 97 वर्षे झाली होती.

गिजुभाई आणि ताराबाई ही जोडी जमली. एक मुलांत, एक मुलांत आणि बायांतही. बालमंदिर चालवायचे तर शिकवणाऱ्या बाया पाहिजेत, आणि त्या आभाळातून पडत नाहीत, हे ओळखून त्यांनी अध्यापन मंदिर चालवले. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ ही संस्था उभी राहिली. शिक्षणपत्रिका हे मासिक गुजरातीत निघे, पुढे ताराबाईंनी ते मराठीतही काढले. आईबापांना कळेल अशा भाषेत मुलांबद्दल लिहायचे, हा त्याचा रोख होता. ही मला मोठी गोष्ट वाटते. कारण मूल शाळेत दोन-चार तास असते, बाकी वेळ घरात. घरच्यांना बरोबर घेतले नाही तर शाळेत लावलेले रोप घरी वाळते. आम्ही बीजप्रक्रिया सांगतो तेव्हाही असेच होते. शेतकऱ्याला पटते, पण बियाणे हाताळते त्याची बायको, तिला कोणी सांगितलेलेच नसते.

1930 नंतर बाई मुंबईला परतल्या. 1936 साली दादरला शिशुविहार सुरू झाले. योगायोग असा की त्याच साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था निघाली, जिला आपण आज टाटा इन्स्टिट्यूट म्हणतो. म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षी, एका बाजूला समाजसेवा हा शिकून करायचा धंदा आहे असे कोणी म्हणत होते, आणि दुसऱ्या बाजूला एक बाई मुलांना शिकवणाऱ्या बाया घडवत होती. धंदा हा शब्द मी मुद्दाम वापरला. सेवा म्हटले की लोक पगार द्यायचे विसरतात.

दादरचे काम चांगले चालले होते. मध्यमवर्गातली मुले येत, पालकही हौशी. पण इथेच बाईंच्या मनाला बोच लागली. मॉंटेसरी पद्धतीची साधने महाग. लाकडाचे गुळगुळीत ठोकळे, मनोरे, दट्टे, सगळे सुताराकडून मापात करून घ्यायचे. ते परवडणार कुणाला? शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांना. देश तर खेड्यात. गांधीजींचा खेड्याकडे चला हा विचार तेव्हा हवेत होताच. गिजुभाई 1939 साली गेले. 1945 साली, वयाची 53 वर्षे झाल्यावर, ताराबाईंनी बोर्डीला जायचे ठरवले. आपल्याकडे या वयात माणसे निवृत्तीचा हिशेब मांडतात.

बोर्डी आणि तिथला मुलूख

बोर्डी म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले समुद्रकाठचे गाव. 2014 पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे. घोलवड-बोर्डीचा चिकू आपणा सगळ्यांना माहीत आहे. रेल्वे जवळ, बागाईत चांगली, गावात जुनी चांगली शाळा. हे झाले किनाऱ्याचे. पण रूळ ओलांडून पूर्वेला गेले की जंगलपट्टी लागते. तिथे वारली आणि इतर आदिवासी. जमिनी पूर्वीच सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या. वेठ होती. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायकोने जन्मभर मालकाकडे राबायचे, याला लग्नगडी म्हणत. 1945 सालीच तलासरी, उंबरगाव, डहाणू भागात गोदावरीबाई परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांचा वेठीविरुद्ध उठाव झाला. ताराबाई त्या चळवळीतल्या नव्हेत, त्यांचा मार्ग वेगळा. पण त्याच वर्षी त्याच मुलखात त्या मुलांसाठी आल्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे. गडी सुटला तरी त्याचे पोर शिकल्याशिवाय पुढच्या पिढीचा हिशेब कोण वाचणार, हा प्रश्न होताच.

डिसेंबर 1945 मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. सोबत अनुताई वाघ होत्या. यांची ओळख दोन ओळींत करून देणे म्हणजे अन्यायच, पण जागा थोडी आहे. अनुताई पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, जन्म 1910 चा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. घरात कोपऱ्यात बसायचे नाही असे ठरवून त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. एका शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि पुढची सगळी वर्षे त्या दोघी बरोबर राहिल्या. एकीचे डोके आणि दुसरीचे हातपाय, असे लोक समजतात. मला ते तितकेसे पटत नाही. डोकी दोघींचीही होती. ताराबाईंनी मांडले आणि अनुताईंनी ते रोजच्या रोज करून दाखवले, एवढेच म्हणता येईल.

बोर्डीत बालवाडी काढली, जागा केली, साधने मांडली. गावातली काही मुले आली. पण ज्यांच्यासाठी मुंबई सोडली ती हरिजनवस्तीतली आणि आदिवासी मुले येईनात. कारणे शोधायला लांब जायला नको. आई पहाटेच मजुरीला गेलेली. मुलाला आंघोळ घालून, केस विंचरून, कपडे घालून पाठवायला घरात माणूस नाही आणि पुष्कळदा कपडेही नाहीत. मोठी बहीण असेल तर तिच्या कडेला धाकटे. बालवाडी वस्तीपासून लांब. शिवाय वरच्या आळीत जायची भीती, तिथे आपल्याला कोण बसू देईल?

यावर दुसरा कोणी असता तर अहवालात लिहून मोकळा झाला असता की पालकांत जागृती नाही, सहकार्य मिळत नाही. हे वाक्य आम्ही सरकारी माणसे फार सहज लिहितो. मीही लिहिले आहे. एका गावात मी तालुक्याच्या जवळच्या शेतावर प्रात्यक्षिक घेतले, पंचवीस शेतकऱ्यांना निरोप धाडले, चारच आले. शेतकऱ्यांत उत्साह नाही असे नोंदवून टाकले. नंतर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून कळले की त्या दिवशी लावणीला माणसे मिळाली होती. मजूर सोडून मेळाव्याला कोण येणार?

ताराबाईंनी असा शेरा मारला नाही. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी मुलांकडे जाईल, असे त्यांनी ठरवले. बाया वस्तीत गेल्या. जिथे पाच-दहा मुले खेळत होती तिथेच, घरापुढच्या अंगणात, झाडाखाली बसल्या. आधी मुलांचे हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. दोन-तीन तास झाले की पुढे. गावात एक मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यांत अशा अंगणवाड्या, अशी रचना झाली. अंगणवाडी हा शब्द असा जन्माला आला. इमारत नसलेली, अंगणात लावलेली वाडी.

यात एक गोष्ट अशी साधली की जी कोणी आधी ठरवली नसेल. शाळा दारात भरली की आई, आजी, शेजारीण उंबऱ्यातून बघते. मुलाचे डोळे कसे पुसले, खरजेवर काय लावले, हे ती आपोआप शिकते. घर आणि शाळा यांच्यात भिंत राहत नाही. बाळ-बाळंतिणीच्या, आजारपणाच्या, दारूच्या, कर्जाच्या गोष्टी अंगणातच कानावर येतात. मुलाबरोबर कुटुंबाचे काम आपसूक सुरू होते. आज शहरातल्या महाविद्यालयांत कुटुंब समाजकार्य, शालेय समाजकार्य असे वेगवेगळे विषय शिकवतात. त्यांची सगळ्यांची मुळी त्या अंगणात सापडते.

साधनांचेही असेच केले. इटलीची पद्धत ठेवली, सामान मात्र बोर्डीचे घेतले. समुद्रकाठचे शिंपले, शंख, नदीतले गोटे, चिंचोके, बिया, पाने, बांबूची कांडकी, चिकणमाती. लहानमोठे ओळखायचे तर गोटे लावा, रंग ओळखायचे तर फुले-पाने आणा, मोजायचे तर चिंचोके. खर्च शून्य, आणि मुलाला ते परके वाटत नाही. वारली मूल जंगलातली झाडे, पाखरे आपल्यापेक्षा जास्त ओळखते. जिथे त्याला येते तिथून सुरुवात केली तर ते मागासलेले दिसत नाही. शहरातल्या चित्राच्या पुस्तकातली आगगाडी आणि सफरचंद दाखवून त्याला गप्प बसवले की मग आपण म्हणतो, पोर मंद आहे.

मधल्या काळात, 1946 नंतर काही वर्षे, बाई मुंबई विधानसभेच्या सदस्यही होत्या. तिथे त्यांनी काय केले त्यात मी शिरत नाही. लोक त्यांना आमदार म्हणून ओळखत नाहीत, यातच काय ते आले.

कोसबाडची टेकडी

1957 च्या सुमारास केंद्राचा मुक्काम बोर्डीहून कोसबाडला हलला. बोर्डी किनाऱ्याला, कोसबाड आत टेकडीवर, थेट आदिवासी पाड्यांच्या मध्ये. तिथे गोखले एज्युकेशन सोसायटीची शेती संस्था आधीपासून होती. म्हणजे एका टेकडीवर भाताच्या जाती आणि एका बाजूला माणसांची रोपे. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या. रस्ते कसले, पाणी कसले, दिवे कसले. पावसाळ्यात तिथला चिखल मी पाहिला आहे, तोही आत्ताच्या सोयी झाल्यावर.

कोसबाडला अडचण वेगळी निघाली. इथे नुसती लहान मुले नव्हती, मोठीही शाळेबाहेर होती. सहा-सात वर्षांचा पोरगा गुरे राखायला जातो. आठ वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळते. भातलावणी, काढणी, गवतकापणी या दिवसांत तर सगळे घरच शेतावर. मुंबईच्या तबेल्यांना गवत या पट्ट्यातून जात असे, त्याच्या कापणीला माणसे टोळीने जात. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडेही सुगीत शाळेचा पट आणि हजेरी यांचे नाते तुटतेच. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचे काय होते हे बीड, नगरकडच्या वाचकांना ठाऊक आहे.

ताराबाईंनी आधी मुलगी का येत नाही ते पाहिले. तिच्या कडेला बाळ आहे. बाळाला शाळेत आणू देत नाहीत, म्हणून तीही येत नाही. मग एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ठेवली. बाळ पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. याला विकासवाडी म्हटले. दिसायला साधी गोष्ट, पण तिने तीन मुलांची अडचण एका फटक्यात सोडवली, शिवाय आईला निर्धास्त कामावर जाता आले. आजही ज्या गावात मुलगी चौथी-पाचवीत शाळा सोडते, तिथे आधी घरात धाकटे किती हे विचारावे. पुष्कळदा उत्तर तिथेच मिळते.

मग गुराखी पोरे. त्यांना गुरे सोडून शाळेत बसा म्हणणे म्हणजे घरातले एक उत्पन्न बंद करा म्हणणे. तेव्हा शाळाच कुरणात गेली. गुरे चरतात, पोरे झाडाखाली बसून शिकतात, एखादे ढोर भाताकडे वळले की एक जण उठून हाकलून येतो. याला कुरणशाळा म्हणत. दिवसभर काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्गही चालत. वेळापत्रक मुलाच्या कामाप्रमाणे, मुलाचे काम वेळापत्रकाप्रमाणे नव्हे. ही गोष्ट कोणत्याही विस्तार कार्यकर्त्याने टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवावी अशी आहे. माझ्या ठेवलेली आहे.

हे सगळे गुळगुळीत झाले असे मात्र समजू नका. माणसे लाजत, बुजत, संशय घेत. वर्षानुवर्षे बाहेरून येणारा प्रत्येक शिकलेला माणूस काहीतरी न्यायलाच येत असे, मग या बायांवर विश्वास का ठेवावा? पैशाची चणचण कायमची. आणि एक टीका मला रास्त वाटते. मुले शिकली तरी जमीन, मजुरी, जंगलावरचा हक्क हे प्रश्न शाळेने सुटत नाहीत. शिकलेल्या पोरालाही दिवाळीनंतर वीटभट्टीवर जावे लागते. बाईंच्या कामाला ही मर्यादा होती. पण जे काम एका शाळेचे नाही ते शाळेने केले नाही, म्हणून तिला दोष देता येत नाही.

1962 साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. 31 ऑगस्ट 1973 रोजी ताराबाई गेल्या, वयाच्या 81 व्या वर्षी. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालवले, त्यांना पद्मश्री मिळाली, आणि 1992 साली त्याही गेल्या.

ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. देशभरात पहिले 33 प्रकल्प होते. गावातल्या केंद्राला नाव दिले अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणे, पोषण-आरोग्याची माहिती आणि शाळेआधीचे शिक्षण अशा सहा सेवा. नाव बोर्डीचे राहिले, काम मात्र पुढे देशभर पसरले. हे पाहायला बाई नव्हत्या.

आज हे काम करायचे तर

गावातल्या बारावी झालेल्या, डीएड-बीएड करून बसलेल्या मुलींचे आईबाप मला विचारतात, काही नोकरी आहे का? शेतीत तर त्यांना ठेवायचे नसते. तेव्हा या क्षेत्राची थोडी माहिती देतो. अंगणवाडी सेविका होण्यासाठी त्याच गावची रहिवासी असणे आणि बारावी होणे लागते. त्यांच्यावर मुख्यसेविका, त्यांच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी, ही पदे परीक्षेची आणि पगाराची. समाजकार्याची पदवी, पदव्युत्तर पदवी घेतली तर बालगृहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, समुपदेशन केंद्रे, आश्रमशाळा, दवाखाने, स्वयंसेवी संस्था असे रस्ते आहेत. 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली जिल्ह्याजिल्ह्यात बालकल्याण समित्या असतात, त्यांना घरी जाऊन चौकशी करणारी, अहवाल लिहिणारी शिकलेली माणसे लागतात. संकटातल्या मुलासाठी 1098 हा फोन आहे, 1996 साली मुंबईत सुरू झालेला, तो उचलणारा आणि उचलल्यावर धावणारा माणूसही यातलाच.

पण मुलीला या कामाला घालताना खरे काय ते सांगून घाला. सेविकेला पगार नाही, मानधन मिळते. ती मानसेवी. लसीकरण, वजने, आहार, गर्भवतींच्या भेटी, नोंदवह्या, आता मोबाईलवर माहिती भरणे, निवडणूक, सर्वेक्षण, आणि यातून वेळ उरला तर गाणी-गोष्टी. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी लागू असल्याचा निकाल दिला. डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रातल्या सेविका मानधनवाढीसाठी संपावर होत्या, तेव्हा गावात खिचडी बंद झाली म्हणून त्यांच्या नावाने बोटे मोडणारे मी ऐकले. त्या सहा तास काय करतात हे मात्र त्यांच्यापैकी एकानेही जाऊन पाहिलेले नव्हते.

ताराबाईंनी अध्यापन मंदिरे काढली ती यासाठी की मुलांत बसणे हे कुणीही उचलून करावे असे काम नाही. त्याला वर्षभर शिकावे लागते. गाय दोहायलाही शिकावे लागते, मग तीन वर्षांच्या मुलाला सांभाळायला नको? माझ्या पाहण्यात अशा दोन सेविका आहेत की ज्यांच्या दारात मूल सकाळी आपणहून पळत येते. एकीने परसात पालेभाजी आणि शेवगा लावला आहे, बियाणे आमच्या खात्याचे. दुसरीने चिंचोके, मक्याची कणसे आणि बाभळीच्या शेंगा डब्यांत भरून ठेवल्या आहेत. तिने ताराबाईंचे नाव ऐकलेले नव्हते. कोसबाडला असेच डबे पाहिल्याचे मी तिला सांगितले तेव्हा तिला फार आनंद झाला.

आमच्या भागात एक वस्ती आहे, सोळा घरांची, ओढ्यापलीकडे. गावची अंगणवाडी पक्की आहे, फरशी आहे, नळ आहे, पण ओढ्याअलीकडे. जूनमध्ये ओढ्याला पाणी आले की वस्तीतली अकरा मुले दिवाळीपर्यंत येत नाहीत. आहाराची पाकिटे मात्र हप्त्याने पोचतात. यंदा सेविकेने सांगितले की ती आठवड्यातून तीन दिवस स्वतः पलीकडे जाऊन त्यांच्या अंगणात बसेल, ओढ्यावर माणूस चालेल एवढा साकव ग्रामपंचायतीने घालून द्यावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात ते बसते की नाही याचा कागद ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे गेलेला आहे, आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो चौथा विषय आहे.